सांडपाण्याची सफाई आणि टाकाऊ तेलाचं बायोडिझेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मटेरियल केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये काम करते. खालचे प्रश्न विद्यार्थी विचारतात, प्लांटवर ईटीपी, म्हणजे सांडपाणी साफ करायची यंत्रणा, सांभाळणारे विचारतात, आणि ज्यांचा केमिस्ट्रीशी काही संबंध नाही असे लोकही विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय.

सांडपाणी साफ करणं आणि बायोडिझेल बनवणं, या दोन गोष्टींचा एकमेकांशी संबंध काय?

तेल मोरीत ओतलं की काय होतं ते बघा. पाण्यावर तवंग येतो, तेल हळूहळू फुटून त्यातली फॅटी अ‍ॅसिड सुटी होतात, आणि गटाराच्या काँक्रीटमधून, पाण्यातून जे कॅल्शियम मिळतं त्याच्याशी जुळून त्याचा साबण होतो. पण हा अंगाला लावायचा साबण नाही, कॅल्शियमचा साबण, पाण्यात न विरघळणारा, दगडासारखा घट्ट. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात असा एक गोळा सापडला, साधारण २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा. तो फोडून काढायला कामगारांना कित्येक आठवडे लागले, आणि मग त्यातल्याच काही भागाचं बायोडिझेल केलं गेलं. म्हणजे जो रेणू गटार तुंबवतो तोच रेणू इंजिनात जळतो, मधे फक्त थोडी केमिस्ट्री आहे. आणि दुसरा दुवा असा की दोन्हीकडे खरं काम एखाद्या घन पदार्थाच्या पृष्ठभागावर चालतं. पाण्यातला रंग धरायचा असो की तेलाचा रेणू तोडायचा असो, योग्य पृष्ठभाग तयार करणं हेच आमचं काम.

‘पृष्ठभाग’ म्हणजे एवढं काय असतं त्यात?

एक ग्रॅम चांगला अ‍ॅक्टिवेटेड कार्बन, म्हणजे खूप बारीक छिद्रं असलेला कोळसा, घ्या. त्याच्या आतल्या छिद्रांच्या भिंती सगळ्या उलगडून पसरल्या तर ५०० ते १५०० चौरस मीटर जागा होते. १००० धरलं तर बॅडमिंटनची डझनभर कोर्टं, आणि ती सगळी चिमूटभर काळ्या पुडीत. छिद्रांचं मापही महत्त्वाचं, २ नॅनोमीटरपेक्षा लहान ती सूक्ष्म, २ ते ५० मधली मध्यम आणि त्यापुढची मोठी. हे लक्षात ठेवा, बायोडिझेलकडे गेल्यावर परत लागणार आहे, कारण तेलाचा रेणू चांगलाच ऐसपैस असतो आणि लहान छिद्रात तो शिरतच नाही.

अधिशोषण म्हणजे स्पंज पाणी शोषतो तसंच ना?

नाही. स्पंजात पाणी आत भरतं. अधिशोषणात, म्हणजे सगळे ज्याला अ‍ॅडसॉर्प्शन म्हणतात त्यात, रेणू पृष्ठभागाला चिकटतो, भिंतीला धूळ बसावी तसा. आम्ही नव्या मुलांना पहिल्या दिवशी मिथिलीन ब्लू नावाचा रंग देतो. गडद निळं पाणी, त्यात चमचाभर कार्बन, चुंबकाचा स्टरर चालू. पहिल्या दहा मिनिटांत रंग झपाट्याने उतरतो, मग वेग मंदावतो, शेवटचा फिकट निळा काही केल्या जात नाही. कारण सोपं आहे, सुरुवातीला सगळ्या जागा रिकाम्या असतात, नंतर भरलेल्या, आणि पाण्यातही रेणू विरळ झालेले. शेवटी चिकटणारे आणि सुटणारे यांचा तोल जमतो आणि गाडी थांबते. हा तोल कुठे जमणार ते लँगम्युअरच्या समीकरणात बसवतात, ते १९१८ चं आहे आणि अजूनही रोज वापरलं जातं. पाण्याचा पीएच बदलला की पृष्ठभागावरचा भार बदलतो आणि जो रंग कालपर्यंत चिकटत होता तो आज चिकटत नाही, हेही त्याच दिवशी दाखवून टाकतो.

रंग गेला, पाणी निवळशंख झालं, मग काम झालंच की?

इथेच मला थांबवावंसं वाटतं प्रत्येकाला. घाण गेली कुठे? ती कार्बनवर आहे, पाण्यातून उचलून पुडीवर ठेवली एवढंच. आता ती ओली काळी पुडी तुमच्या हातात आहे आणि तिच्यात आधीच्या हजार लिटर पाण्यातला रंग एकवटलेला आहे. ती उघड्यावर टाकली तर पावसात परत सुटणार. भट्टीत खूप तापवून कार्बन पुन्हा ताजा करता येतो पण त्यात ऊर्जा जाते आणि दर खेपेला थोडा कार्बन जळून कमी होतोच. कुठल्याही पेपरात ‘९९ टक्के रंग काढला’ असं वाचलं की माझा पहिला प्रश्न हाच असतो, मग त्या मटेरियलचं पुढे काय केलंत? बऱ्याचदा त्यावर एक ओळही नसते. मला हे मनापासून खटकतं, कारण प्लांटवर जो माणूस उभा असतो त्याला तीच पुडी पोत्यात भरायची असते.

म्हणून वापरून झालेल्या मटेरियलला दुसरं काम देण्याच्या कल्पना मला जास्त मोलाच्या वाटतात. फॉस्फेट धरून बसलेलं मटेरियल शेतात सावकाश सुटणारं खत म्हणून वापरता येतं (त्यात दुसरं काही विषारी नाही ना हे तपासून), लोखंड धरून बसलेला कार्बन पुढच्या पायरीत कॅटॅलिस्ट (स्वतः न संपता रासायनिक क्रिया वेगाने घडवणारा पदार्थ) म्हणून चालतो.

मग घाण धरण्याऐवजी तोडून टाकणारं काही नाही का?

आहे. दोन वाटा जास्त चालतात. एक फेंटनची, १८९४ पासून माहीत असलेली: लोखंडाचा क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो, आणि हा इतका आक्रमक असतो की समोर येईल त्या सेंद्रिय रेणूवर तुटून पडतो. अट एकच, पाणी आंबट पाहिजे, पीएच ३ च्या आसपास, आणि काम झाल्यावर ते परत उदासीन करायला गेलं की लोखंडाचा तांबूस गाळ खाली बसतो. आता त्या गाळाचं काय करायचं, परत तोच प्रश्न. लोखंड घन मटेरियलवर पक्कं बसवलं तर गाळ कमी होतो, म्हणून त्यावर एवढं काम चालू आहे.

दुसरी वाट प्रकाशाची. टायटॅनियम डायऑक्साइड, तेच जे पांढऱ्या रंगात असतं. १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी दाखवलं की त्यावर अल्ट्राव्हायोलेट प्रकाश पाडला तर पाण्याचं विघटन होतं, आणि त्यातून पुढे पाण्यातली घाण प्रकाशाने तोडायची कल्पना वाढली. अडचण अशी की त्याच्या अ‍ॅनाटेझ रूपाला ३.२ इलेक्ट्रॉनव्होल्टचा धक्का लागतो, म्हणजे ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश, आणि सूर्यप्रकाशात असा प्रकाश जेमतेम चार-पाच टक्के. शिवाय सुटलेला इलेक्ट्रॉन आणि त्याची मोकळी जागा एकमेकांना लगेच परत भेटतात आणि सगळी मेहनत उष्णता होऊन वाया जाते. मग त्यात नायट्रोजन घाला, दुसरा सेमीकंडक्टर जोडा, कार्बनवर बसवा, असे उपाय केले जातात. मी स्वतः यातले दोन-तीन करून बघितलेत, लॅबच्या दिव्याखाली छान चालतात, गढूळ खऱ्या सांडपाण्यात प्रकाश आतपर्यंत पोचतच नाही.

आणखी एक. रंग उडाला म्हणजे रेणू संपला असं नाही. रंग देणारा एक बंध तुटला की पाणी रंगहीन दिसतं, पण उरलेले तुकडे तिथेच असतात आणि ते कधीकधी मूळ रंगापेक्षा जास्त विषारी असू शकतात. म्हणून नुसता रंग मोजू नका, सीओडी (पाण्यातली घाण रासायनिक रीतीने जाळायला किती ऑक्सिजन लागतो तो आकडा) किंवा एकूण सेंद्रिय कार्बन मोजा.

शिसं, आर्सेनिक वगैरेही असंच तुटतं का?

नाही, मूलद्रव्य आहे ते, तोडणार काय. ते धरून बाजूलाच काढावं लागतं. आर्सेनिकसाठी लोखंडाची ऑक्साइडं चांगली, त्यांची आर्सेनिकशी घट्ट गाठ बसते. पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे किती बारीक पकड लागते बघा. मॅग्नेटाइटचे नॅनोकण वापरले तर काम झाल्यावर चुंबक लावून ते ओढून घेता येतात, गाळणीची कटकट नाही. क्रोमियमचं तेवढं वेगळं आहे, त्याचं सहा संयुजेचं विषारी रूप लोखंडाच्या चुऱ्याने तीन संयुजेच्या, बऱ्याच कमी घातक रूपात आणता येतं आणि मग ते खाली बसवता येतं.

आता बायोडिझेल. वापरलेलं तेल गाळून तसंच डिझेल इंजिनात का नाही ओतायचं?

इंजिन चालू होईल, पण टिकणार नाही. १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, तेव्हा चालतं हे जुनंच माहीत आहे. पण वनस्पती तेल डिझेलपेक्षा दहापट वगैरे घट्ट असतं, त्याचा नीट फवारा होत नाही, अर्धवट जळतं आणि इंजेक्टरवर काजळीचा थर चढतो.

तेलाचा रेणू कसा दिसतो डोळ्यासमोर आणा: ग्लिसरॉलचा एक छोटा कणा आणि त्याला लटकलेल्या तीन लांब शेपट्या. मिथेनॉल आणि कॅटॅलिस्ट घालून ६० अंशांच्या आसपास ढवळलं की एकेक शेपटी कण्यावरून सुटून मिथेनॉलला जाऊन मिळते. मिथेनॉलला जोडलेल्या त्या शेपट्या म्हणजे बायोडिझेल, पातळ आणि फिक्कं. कणा म्हणजे ग्लिसरॉल, जड असल्यामुळे तळाशी जातं. हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे, १०० किलो तेल, साधारण ११ किलो मिथेनॉल, त्यातून १०० किलो बायोडिझेल आणि १० किलोच्या वर थोडं ग्लिसरॉल. प्रत्यक्षात मिथेनॉल दुप्पट घालतात कारण ही क्रिया उलटीही फिरते, आणि उरलेलं उकळवून परत मिळवतात. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं म्हणून तापमान त्याच्या खालीच ठेवायचं. अल्कोहोल वापरून तेलाचे असे एस्टर (अ‍ॅसिड आणि अल्कोहोल जोडून झालेले पदार्थ) करायचं आणि ते इंधन म्हणून वापरायचं बेल्जियमचं पेटंट १९३७ चं आहे.

आमचं तेल खवट आहे, काळं पडलंय. त्याचं होईल का?

होईल, पण सरळ वाटेने नाही. खवट तेल म्हणजे ज्यातल्या शेपट्या आधीच सुट्या झाल्यात असं तेल, म्हणजेच मुक्त फॅटी अ‍ॅसिड. कॉस्टिक (कॉस्टिक सोडा, नेहमीचा कॅटॅलिस्ट) घातलं की ते आधी या अ‍ॅसिडवर जातं, साबण होतो, सोबत पाणी सुटतं, आणि भांड्यात वर काय खाली काय कळेनासा लगदा उरतो. गटारात जे कॅल्शियमने केलं तेच इथे सोडियम करतं.

त्यामुळे आधी टायट्रेशन, म्हणजे तेलात मुक्त अ‍ॅसिड किती आहे ते मोजणं. १ मिली तेल, १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन थेंब फिनॉल्फ्थॅलीन, आणि ब्युरेटमध्ये लिटरला १ ग्रॅम कॉस्टिक सोड्याचं द्रावण. थेंबाथेंबाने सोडायचं, गुलाबी रंग येतो आणि लगेच विरतो, परत येतो, परत विरतो, आणि मग एका थेंबाला तो दहा-पंधरा सेकंद टिकतो, तिथे थांबायचं. जितके मिली लागले तितके ग्रॅम कॉस्टिक दर लिटर तेलामागे नुसतं अ‍ॅसिड मारण्यात जाणार, कॅटॅलिस्ट म्हणून लागणारं त्याच्या वर वेगळं. ५ मिली लागले तर साधारण पावणेचार टक्के मुक्त अ‍ॅसिड आहे असं समजा, आणि एवढं असेल तर कॉस्टिकचा नाद सोडा, आधी सल्फ्युरिक अ‍ॅसिड आणि मिथेनॉलने त्या अ‍ॅसिडचंच एस्टर करून घ्या, एक टक्क्याच्या खाली आणा, त्यात तयार झालेलं पाणी काढा आणि मग नेहमीची क्रिया करा. तेलात पाणी असेल तर तेही अगोदर तापवून घालवायचं.

अंड्याच्या टरफलाचा कॅटॅलिस्ट खरंच चालतो की नुसतं सायन्स प्रदर्शनापुरतं?

खरंच चालतो. टरफल म्हणजे ९४-९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट. धुऊन, वाळवून, कुटून भट्टीत ९०० अंशांना दोन-तीन तास ठेवलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम ऑक्साइड उरतं, म्हणजे आपला कळीचा चुना. १०० ग्रॅम शुद्ध कार्बोनेटचे ५६ ग्रॅम होतात. करड्या-तपकिरी टरफलातून पांढरीशुभ्र, हाताला हलकी वाटणारी पूड निघते. ही पूड तेलात विरघळत नाही, घनच राहते, म्हणून काम झाल्यावर गाळून परत वापरता येते, आणि कॉस्टिकसारखं धुऊन काढायला पाणी फारसं लागत नाही. माझ्या मते हाच तिचा सगळ्यात मोठा गुण.

आता तिच्या खोडी. एकदा मी भट्टीतून काढलेली पूड रात्रभर उघड्या बशीत ठेवून घरी गेले. सकाळी दिसायला तशीच पांढरी, पण वजन वाढलेलं, आणि त्या दिवशीची रिअ‍ॅक्शन तासन्‌तास ढवळूनही पुढे सरकेना. हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तिने रातोरात ओढून घेतलं होतं, चुना विरला होता. तेव्हापासून पूड गरम असतानाच घट्ट झाकणाच्या बाटलीत जाते आणि जुनी असेल तर ७०० अंशांना परत तापवून मगच वापरते. दुसरी खोडी म्हणजे थोडं कॅल्शियम मिथेनॉलमध्ये आणि ग्लिसरॉलमध्ये झिरपतंच. बायोडिझेलसाठीच्या युरोपच्या ईएन १४२१४ मानकात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून किलोला ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, त्यामुळे ते मोजल्याशिवाय ‘यशस्वी’ म्हणू नका. आणि खवट तेलात तिचाही साबण होतो, आम्लाशी तिचंही पटत नाही.

मग खवट तेलासाठी आम्लधर्मी घन कॅटॅलिस्ट नाही का?

आहे ना. साखर किंवा शेतीतला चोथा अर्धवट जाळून कार्बन करायचा आणि त्यावर सल्फ्युरिक अ‍ॅसिडने सल्फोनिक गट, म्हणजे आम्लाचं काम करणारे अणूंचे छोटे गट, बसवायचे. साखरेपासूनच्या अशा कॅटॅलिस्टचं काम जपानी शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये मांडलं. त्याला मुक्त अ‍ॅसिडचं वावडं नाही, पण तो कॉस्टिकपेक्षा बराच हळू चालतो आणि काही फेऱ्यांनी गट गळायला लागतात. झिओलाइट या बारीक छिद्रांच्या खनिजाबद्दलही विचारतात लोक, पण त्याची छिद्रं एक नॅनोमीटरच्याही आतली, तेलाचा पसरट रेणू बाहेरच अडतो. म्हणून मध्यम छिद्रांची मटेरियल्स.

बायोडिझेल बनवताना परत सांडपाणीच तयार होतं म्हणे?

हो, आणि हे फार कमी जण आधी सांगतात. कॉस्टिकने केलेलं बायोडिझेल पाण्याने दोन-तीनदा धुवावं लागतं. त्या पाण्यात साबण, मिथेनॉल, ग्लिसरॉल, उरलेलं कॉस्टिक, थोडं तेल, सीओडी प्रचंड. टाकाऊ तेल वाचवायला निघालो आणि नवं सांडपाणी करून बसलो. धुताना फनेल जोरात हलवायचं नाही, कोमट पाणी अलगद सोडायचं, नाहीतर सगळं दुधासारखं पांढरं होतं आणि थर वेगळे व्हायला दोन-दोन दिवस लागतात, हे मी भोगलंय. पाण्याऐवजी मॅग्नेशियम सिलिकेट किंवा आयन एक्स्चेंज रेझिनवरून बायोडिझेल सोडून कोरडी सफाई करता येते, पण ते भरल्यावर कुठे जाणार हेही आधीच ठरवा. ग्लिसरॉलचं मात्र चांगलं होतं: सांडपाण्यातून नायट्रेट काढणाऱ्या जिवाणूंना कार्बनचं खाद्य लागतं, ते यातून देता येतं.

दोन्ही कामं करणारं एकच मटेरियल आहे का?

माझं आवडतं आहे, हायड्रोटाल्साइट. मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर, पापुद्र्यांसारखे, आणि मधल्या फटीत कार्बोनेट आणि पाणी. ४५० ते ५०० अंशांना तापवलं की थर मोडतात आणि मिश्र ऑक्साइड होतं, जे तेलासाठी चांगला अल्कलीधर्मी कॅटॅलिस्ट आहे. तेच ऑक्साइड पाण्यात टाकलं तर ते आपले जुने थर परत उभे करतं, आणि ते करताना पाण्यातले ऋण आयन, फॉस्फेट, क्रोमेट, काही रंग, फटीत ओढून घेतं. मटेरियलला आपला आकार आठवतो असं म्हणतात याला. पण एकाच पुडीने आधी एक आणि मग दुसरं काम करून घेणं अजून लॅबच्या पातळीवरच जास्त आहे.

शेवाळाचं काय?

सूक्ष्म शेवाळ सांडपाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस खातं, पाणी साफ होतं आणि त्याच्या पोटात तेलही साठतं. ऐकायला फार सुंदर. पण लिटरभर हिरव्या पाण्यात कोरडं शेवाळ ग्रॅमभरही नसतं बऱ्याचदा, ते गोळा करून वाळवण्यातच ऊर्जा संपते. चुंबकी कण किंवा कायटोसान (कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून केलेला पदार्थ) घालून ते गोळा करण्यावर काम चाललंय, तिथेच गोष्ट सुटली तर सुटेल.

घरी करून बघू का?

नका. मिथेनॉल पोटात गेलं तर डोळे जातात, वाफही विषारी, आणि त्याची ज्योत उजेडात दिसत नाही, पेटलंय हे हात भाजल्यावर कळतं. लॅबमध्ये, फ्यूम हूडमध्ये, चष्मा आणि हातमोजे घालूनच.

झालेलं बायोडिझेल चांगलं आहे हे पटकन कसं ओळखायचं?

३ मिली बायोडिझेल २७ मिली मिथेनॉलमध्ये हलवा. सगळं विरघळलं तर ठीक, तळाशी थेंब बसले तर तेल उरलंय. ही फक्त चाळणी आहे. मानकाप्रमाणे एस्टर ९६.५ टक्क्यांवर, पाणी किलोला ५०० मिलिग्रॅमच्या आत, ते मात्र यंत्रावरच कळतं.

या विषयात प्रोजेक्ट करायचाय, कुठून सुरू करू?

नवं मटेरियल शोधायच्या मागे लगेच लागू नका. माहीत असलेलं एखादं घ्या, कळीचा चुनासुद्धा चालेल, आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवलेल्या मिथिलीन ब्लूऐवजी किंवा बाटलीतल्या ताज्या तेलाऐवजी खरं सांडपाणी, खरं जळकं तेल आणा. पाच फेऱ्या चालवा, प्रत्येक फेरीनंतर मटेरियल वाळवून वजन करा, पाण्यात किंवा इंधनात किती धातू सुटला ते मोजा, आणि पाचव्या फेरीनंतर हातात उरलेल्या पुडीचं काय केलंत ते रिपोर्टमध्ये स्वतंत्र परिच्छेद करून लिहा.